आपल्याच पाठीवर आपला आसूड

आधी एक कबुली देतो, मग बोलतो.

२०१८ चा जानेवारी. १ तारखेला भीमा कोरेगावला दगडफेक झाली, ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला, आणि मग वस्त्यावस्त्यांतून पोरं उचलायला सुरुवात झाली. आमच्या वस्तीतलीही उचलली. आम्ही आठ-दहा जण रात्रंदिवस त्याच कामाला लागलो. कोण कुठल्या चौकीत आहे ते शोधायचं, वकील गाठायचा, जामिनाला माणूस उभा करायचा, आत डबा पोचवायचा, बाहेर रडणाऱ्या आईला धीर द्यायचा. पाचव्या रात्री आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा माझ्याजवळ आला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. म्हणाला, "दादा, आज घरी जाऊन झोपू का? डोकं चालंना झालंय."

मी सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, "बाबासाहेब झोपले असते तर तू आज कुठं असतास?"

पोरगा गप बसला. रात्रभर बसला. त्यानंतर दोन दिवस आला. तिसऱ्या दिवसापासून आला नाही. आता १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लांब उभा दिसतो. नजरानजर झाली तर जय भीम घालतो आणि गर्दीत शिरतो. आमची मंडळी म्हणतात, नोकरीला लागला आणि चळवळ विसरला. मी काही बोलायचो नाही. कारण मला माहीत होतं, तो चळवळ विसरला नव्हता. मी त्याला हाकललं होतं.

ते वाक्य मी त्याच्यासाठी घडवलेलं नव्हतं. कित्येक वर्षं तो फटका मी स्वतःलाच मारत आलो होतो. झोप आली, की मार. पोटात दुखलं, की मार. एखादं पुस्तक नुसतं मजेखातर वाचावंसं वाटलं, की मार. हाताला सवय झालेली. त्या रात्री हात उठला तो शेजाऱ्याला लागला, एवढंच.

त्याच वर्षी पावसाळ्यात मी आडवा झालो. पोटात अल्सर. दवाखान्याच्या खाटेवरही माझ्या मोबाईलवर मीटिंगा चालूच. आई उशाशी बसलेली. बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "आरं, बैलालाबी वर्साचा येक पोळा आसतो. तू कुणाचा बैल हायेस?"

या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. नंतर शोधलं. जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

मी कुणाचा बैल?

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल बिल आणलं. तेव्हा वतनदार महाराची जी दशा त्यांनी मांडली, ती प्रत्येकानं वाचली पाहिजे. त्या माणसाच्या कामाला घड्याळ नव्हतं. चोवीस तास तो सरकारी हुकमाला बांधलेला. तो सापडला नाही, तर त्याच्या बापाला नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला जुंपायचं. सांगावा घेऊन कोसकोस पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, साहेब आला की त्याची बडदास्त ठेवायची. अंगात ताप आहे, बायको बाळंत झालीय, पोरगं आजारी आहे, असली कारणं चावडीवर चालत नव्हती. हाक आली की धावायचं. धावला नाही तर माजलास.

आता सांगा. माझ्या आत जो आवाज ओरडत असतो, "ऊठ, निजलास काय, काम तुझा बाप करणार?", तो कुणाचा? इतकी वर्षं मला वाटत होतं, तो बाबासाहेबांचा आहे. आईच्या प्रश्नानंतर नीट कान देऊन ऐकला. तो चावडीवरचा आवाज आहे. वतन गेलं, गाव सुटलं, आम्ही शहरात आलो, शिकलो. पण चावडी डोक्यात घालून घेऊन आलो. फरक एवढाच, की आता हाक मारणाराही मीच आणि धावणाराही मीच.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विश्रांती नाकारली, त्यांच्या पोराला विश्रांती घेताना चोरी केल्यासारखं वाटतं. हा माझ्या स्वभावाचा दोष नाही. हे व्यवस्थेनं केलेलं काम आहे, आणि ते तिनं इतकं चोख केलंय की तिला आता मुकादम ठेवायचीही गरज नाही.

पण बाबासाहेबांचे अठरा तास?

हा प्रश्न येणारच. बाबासाहेबांच्या नावानं ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मीही बसलेलो आहे. चांगला उपक्रम आहे. वर्षातून एक दिवस ज्ञानाच्या त्या भुकेची आठवण ठेवायची, यात गैर काही नाही. गैर एवढंच, की आम्ही त्या एका दिवसाचा रोजचा दंडक करून टाकला आणि त्यात न बसणाऱ्याला कमअस्सल ठरवलं.

तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजा देणारा कायदा १९४५ साली झाला. १९४६ साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. दोन्ही बिलं त्यांच्याच खात्यानं आणलेली. स्वतः अठरा तास खपणारा माणूस दुसऱ्याच्या आठ तासांसाठी कायदा करत होता. याचा अर्थ नीट लावा. आपण झिजलो तसं सगळ्यांनी झिजावं, हे त्या माणसाच्या मनात नव्हतं.

त्यांच्याही आधी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. म्हणजे ज्या रविवारी आम्ही घरात बसलो की आम्हाला लाज वाटते, तो रविवार आपल्याच चळवळीच्या आज्या-पणज्यांनी भांडून मिळवलेला आहे. विश्रांती हे कुणाचे चोचले नाहीत. ती लढ्याची कमाई आहे.

आणि बाबासाहेबांना स्वतःला तसं का खपावं लागलं? कारण हजारो वर्षं वाचू न दिलेलं एका माणसाला एका जन्मात वाचायचं होतं. सोबतीला शिकलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. मधुमेहानं शरीर पोखरलेलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी धम्म दिला आणि ५३ व्या दिवशी, ६ डिसेंबरला, ते गेले. वय ६५. चैत्यभूमीच्या रांगेत उभा असताना माझ्या मनात दरवर्षी एकच येतं. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर?

त्यांच्या झिजण्यापुढं आपण डोकं टेकवतो. टेकवावंच. पण ते झिजणं त्यांनी हौसेनं पत्करलेलं नव्हतं. दुसरा इलाजच ठेवला नव्हता. ते आपल्यावरचं ऋण आहे. आणि ते फेडायची रीत, आपणही तसंच एकेकट्यानं झिजून मरायचं, ही नव्हे. पुन्हा कुणा एकाला असं झिजावं लागू नये, इतकी माणसं उभी करायची, ही आहे.

आणखी एक. त्या सगळ्या धबडग्यात बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. कुत्री पाळली होती. झाडांची, बागेची हौस होती. आम्ही भिंतीवर चित्र काढतो ते निळ्या सुटातलं, बोट उगारलेलं. व्हायोलिन हातात असलेलं कधी काढत नाही. आम्हाला जो बाबा झेपतो तेवढाच आम्ही रंगवतो.

सोणाचे पाय

वाद्याचा विषय निघाला म्हणून विनयपिटकातली एक गोष्ट सांगतो. त्यात चामड्याच्या वापराचे नियम सांगणारं एक प्रकरण आहे, त्यात ती येते.

चंपा नगरीचा सोण कोळिविस. श्रीमंत घरचा, पाय अतिशय नाजूक. गाड्यांनी मोजावं इतकं सोनं सोडून तो भिक्खू झाला. राजगृहाजवळ सीतवनात राहिला. एकदा का घेतलं, तर असं जोरात करायचं की बस्स. येरझाऱ्या घालून ध्यान करता करता पाय फुटले. चालायची वाट रक्तानं माखली. तरी मन काही सुटेना. तेव्हा त्याला वाटलं, एवढं करूनही मला जमत नाही, तर आपलं घर काय वाईट आहे? जाऊ परत.

इथं जरा थांबा. सोण ढिला पडला म्हणून संघ सोडायला निघाला नव्हता. जोर जास्त लावला म्हणून निघाला होता. आमचा बी.एस्सी.वाला पोरगा मला इथं दिसला.

बुद्धानं त्याला दम दिला नाही. संघासाठी लोक प्राण देतात आणि तू पायाचं काय घेऊन बसलास, असं म्हणाला नाही. सोण पूर्वी वीणा वाजवायचा हे त्याला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार ढिल्या सोडल्या तर? तरी नाही. मग प्रयत्नाचंही तसंच आहे.

बरेच जण ही गोष्ट इथंच संपवतात. खरी गोष्ट पुढं आहे. बुद्ध सोणाला म्हणाला, तुझे पाय नाजूक आहेत, तू वहाणा घाल. सोण म्हणाला, नको. एवढं सोनं सोडून आलेला आता चपलेत अडकला असं लोक म्हणतील. सगळ्या संघाला परवानगी असेल तर मी घालीन, एकट्यानं नाही. आणि बुद्धानं सगळ्या संघाला एकतळी वहाणा घालायची मुभा दिली.

चपलेची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. कातडं कमवणारे, चपला शिवणारे हात आपल्यातले, आणि वरच्या आळीतून जाताना त्या काढून हातात घ्यायची पाळीही आपल्यावरच. म्हणून मला या गोष्टीत सगळं सापडतं. एकाचे पाय रक्ताळले, तर ती त्याची वैयक्तिक कमजोरी ठरवली नाही. एकट्याला गुपचूप सवलत दिली नाही. नियम बदलला, सगळ्यांसाठी.

माझं म्हणणं हेच आहे. स्वतःशी मऊ वागणं हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न नाही. एकट्याला मिळाला तर मऊपणा ही सवलत असते. सगळ्यांना मिळाला तर तो न्याय असतो.

सोशिकपणा वेगळा, चिवटपणा वेगळा

काही जण म्हणतील, हे सगळं पांढरपेशी लाड आहेत. गटारात उतरणाऱ्या भावाला कुठली आलीय स्वतःशी मैत्री? बरोबर आहे. पण त्याला मिळत नाही म्हणून कुणालाच मिळू नये, हे लोखंड्यांनी म्हटलं नाही, बाबासाहेबांनी म्हटलं नाही. मिळत नाही म्हणूनच तर मागायचं.

दुसरा धोका याहून मोठा आहे. हल्ली साहेबलोक आपल्याला खंबीर व्हायला शिकवतात. जुलूम तसाच ठेवायचा आणि तुम्ही मन घट्ट करा म्हणायचं. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. वसतिगृहातून बाहेर काढलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी तो एक. लगेच काही शहाणे विचारू लागले, इतका हुशार पोरगा असा कच्चा कसा निघाला? ज्यांनी पायाखालची जमीन काढून घेतली त्यांना कुणी विचारायचं नाही, आणि पडला त्याचे पाय तपासायचे. हे आपण चालू द्यायचं नाही.

सोसत राहणं हा गुण आपल्याला त्यांनीच चिकटवला. "फार सोशिक हो तुमची माणसं," हे कौतुक नव्हे, ही ढोराच्या बाजारातली बोली आहे. चिवटपणा निराळा. सोशिक माणूस मार खाऊन तिथंच उभा राहतो. चिवट माणूस कुठं उभं राहायचं ते स्वतः ठरवतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला सुरू झाला. पाच वर्षं लोकांनी डोकी फोडून घेतली, आणि १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं, पुरे, आता ही ताकद इथं घालवू नका. ते थांबणं हार होती का? तिथून नागपूरपर्यंत आणखी २१ वर्षं लागली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ ला झाला, घरं जळाली, माणसं मेली, आणि नामविस्तार १९९४ ला झाला. १६ वर्षं. १६ वर्षं श्वास कोंडून कुणी धावू शकत नाही. ज्यांनी मध्ये श्वास घेतला तेच शेवटपर्यंत पोचले.

आणि मऊपणा म्हणजे स्वतःची कीव करणंही नाही. बाबासाहेब करुणेच्याही पुढं मैत्री ठेवतात. माणसांपुरती करुणा, आणि सगळ्या जीवमात्रांशी मैत्री. त्या सगळ्यांत मी येतो की नाही? येतो. मग मी माझ्याशी मित्रासारखं वागायला पाहिजे. मित्र खोटी तरफदारी करत नाही. चुकलास, असं तोंडावर म्हणतो. पण आधी पाण्याचा तांब्या पुढं करतो.

माझी झोप कुणाच्या जिवावर?

एक प्रश्न मात्र पुरुष कार्यकर्त्यांनी चुकवू नये. मी दवाखान्यातून घरी आलो, पंधरा दिवस आराम केला. त्या पंधरा दिवसांत पहाटे नळाला नंबर कुणी लावला? धुणी-भांडी करून वर मला पेज कुणी भरवली? आईनं. तिला पोळा कधी? बैलाचा हिशेब मांडताना तिनं स्वतःला धरलंच नव्हतं. आपल्या शिबिरात पोरी भाषण ऐकायला येतात आणि अर्धा वेळ स्वयंपाकघरात असतात. घरी गेल्यावर पुन्हा चूल आहेच. तिचे पाय उघडे ठेवून आपण वहाणा घालणार असू, तर आपण सोणाची गोष्ट वाचली नाही. आता आमच्या घरी रविवारी भाकरी मी थापतो. वाकड्या होतात. आई खाते, आणि नावंही ठेवते.

पावसाळ्यात काय करायचं

वाईट दिवस येणार. दडपशाही येईल, फाटाफूट होईल, परीक्षा बुडेल, घरात पैसा नसेल. अशा दिवसांसाठी धम्मात सोय आधीपासून आहे. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं. वर्षावास. बाहेर चिखल आहे, पिकं कोवळी आहेत, जीवजंतू पायाखाली येतात, तेव्हा चालणं थांबव. दमलेल्या भिक्खूपुरता हा नियम नाही, सगळ्यांसाठी आहे. त्यामुळं थांबणाऱ्याला शरम वाटायचं कारण उरत नाही. आपल्या विहारांत त्या दिवसांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. म्हणजे थांबायचं, पण विझायचं नाही.

आणि वर्षावास संपताना पवारणा. प्रत्येक भिक्खू संघापुढं बसून म्हणतो, माझ्यात काही चुकीचं दिसलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा. आधी विसावा, मग झडती. आम्ही उलटं करतो. दमलेल्या माणसाची रात्री दोन वाजता झडती घेतो, आणि विसावा देतच नाही.

आमच्या गटानं आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. मोहिमेत कुणी सलग दोन रात्रींपेक्षा जास्त जागायचं नाही, पाळी लावायची. घरी जातो म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, जेवलास का एवढंच विचारायचं. आणि कुणाचं मन फार काळवंडलं, जगणं नको वाटायला लागलं, तर त्यानं एकट्यानं बसायचं नाही. कुठल्याही वेळी आपल्यातल्या कुणाचंही दार वाजवायचं, आणि दार उघडणाऱ्यानं भाषण द्यायचं नाही. सोबत बसायचं, सकाळी सोबत दवाखान्यात जायचं. तापाला गोळी घेतो, मनाला डॉक्टर दाखवायला लाजतो, हेही चावडीचंच शिक्षण.

मागच्या आश्विन पौर्णिमेला मी त्या पोराच्या घरी गेलो. आता पोरगा कसला, बाप झालाय. म्हणालो, माझं काय चुकलं ते सांग. आधी काही नाही, काही नाही म्हणाला. मग तासभर बोलला. मी मध्ये बोललो नाही. निघताना म्हणालो, ये कधीतरी. तो म्हणाला, "बघू, दादा."

अजून आलेला नाही. येईल, न येईल, तो त्याचा हक्क आहे. पण आमच्यात सध्या दोन नवी पोरं आली आहेत, आणि त्यातला एक परवा मीटिंगमध्येच पेंगत होता. मी त्याला घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर होता.

जय भीम.